तात्यांची तीन कोटेशनं

तात्यांनी आयुष्यात कोणतीही वस्तू तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतली नाही. सोसायटीच्या गोदामाला पत्रे घालायचे असोत की घरात माठ आणायचा असो, तीन ठिकाणी विचारायचं, तिन्हींची तुलना करायची आणि मगच बोट ठेवायचं. माठासाठी ते तीन कुंभारांच्या दारात जाऊन टिचक्या मारून येत. कडा गावच्या बाजारात दाढीसुद्धा तीन न्हाव्यांना विचारून करत आणि शेवटी दरवेळी पहिल्याकडेच जात, कारण तो त्यांचा शाळासोबती होता. मग विचारता तरी कशाला, असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "इचारल्याबिगर घेतलं की मागून बोलायला तोंड राहत न्हाई."

मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. तात्या माझे चुलत सासरे, पण घरातला कर्ता माणूस तेच. पोहे खाल्ले, चहा घेतला, चष्मा लावून माझं डी.एड.चं प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझ्या वडिलांना सरळ सांगून टाकलं, पोरगी चांगली आहे, पण आम्ही आणखी दोन ठिकाणी बघून येतो. वडील असे भडकले की या माणसाचा जयभीमसुद्धा घेणार नाही म्हणाले. पंधरवड्यानं तात्या हसत हसत परत आले आणि लग्न ठरलं. पुढं कितीतरी वर्षं आलेल्या पाहुण्याला ते माझी ओळख करून देत, "ही आमची तीन कोटेशनांतून निवडल्याली सून." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आता तात्या नाहीत, आणि तसं चिडवणारंही कोणी उरलं नाही.

ते गावच्या सेवा सोसायटीचे सेक्रेटरी होते. निवृत्त झाले, पण सेक्रेटरीपण काही अंगातून गेलं नाही. ठराव, सूचक, अनुमोदक हे शब्द घरात मीठ-मिरचीसारखे चालत. रात्री पिठलं करायचं की आमटी, यालासुद्धा एक सूचक लागे आणि एक अनुमोदक. माझ्या सासूबाई कावून म्हणायच्या, चूल माझी, मीच सूचक आणि मीच अनुमोदक. तसं नियमात बसत नाही, असं तात्या अगदी गंभीरपणे सांगायचे. पोरं मात्र या खेळावर जीव टाकत. आणि एकदा ठराव झाला की झाला. पिठल्याचा ठराव झाल्यावर एकदा पाहुणे मटण घेऊन आले, तरी त्या रात्री आम्ही पिठलंच खाल्लं. मटण सकाळी खाल्लं, तेही नवा ठराव करून.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी ना पाऊस होता, ना ऊस. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी आणि माझा नवराही जायचो. डी.एड. होऊन बसले होते, पण नोकरी कुठं होती? नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. त्या साली कारखाने संक्रांतीच्या आतच बंद पडले आणि आम्ही गावी परतलो, तर गावात चारा नाही, पाणी नाही. सोसायटीनं गावापासून बरंच लांब, आटलेल्या तलावाच्या काठावर जनावरांची छावणी घातली. नवरा पुण्याकडं बांधकामावर गेला. सासूबाई आणि माझी धाकटी जाऊ घर राखायला गावात राहिल्या. मी माझ्या लेकीला, सोनीला घेऊन दोन म्हशी आणि एका गाईबरोबर छावणीत आले. चारा वाटायला आणि शिस्त राखायला सोसायटीनं तात्यांना बोलावून घेतलं. निवृत्त माणसाला आणखी काय पाहिजे?

सोनी तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. आधीची दोन्ही वर्षं निम्मी शाळा तिनं उसाच्या फडावर, आमच्या पाचटाच्या कोपीत घालवली होती. तरी पुस्तक हातात दिलं की घडाघडा वाचायची. सगळे कौतुक करायचे. छावणीत आल्यावर एक दिवस मी तिला पेंडीच्या पोत्यावरचं नाव वाचायला सांगितलं, तर ती पोत्याकडं न बघता माझ्याच तोंडाकडं बघायला लागली. मी गार झाले. मग तिचंच पुस्तक घेतलं आणि मधलं एकेक अक्षर बोटानं दाखवून विचारलं. पाच-सहा अक्षरं सोडली तर पोरीला काही ओळखता येत नव्हतं. कान असे तीक्ष्ण की दुसऱ्या पोरांचं ऐकून तिनं सगळं पुस्तक पाठ केलं होतं आणि पान कुठं उलटायचं तेसुद्धा.

हे एरवीही वाईटच, पण त्या वर्षी जास्त वाईट होतं. दिवाळीत जावेला मुलगा झाला होता. पुढच्या हंगामात फडावर ते बाळ कोण सांभाळणार, हे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या नजरा सोनीवर होत्या. एकदा पोर बाळ सांभाळायला लागली की शाळा गेली, पुढं हातात कोयता आलाच, हे मी फडावर डोळ्यांनी बघत आले होते. अंबाजोगाईला मुलींची निवासी शाळा आहे. तिथं चौथीला प्रवेश मिळतो, जेवण-राहणं तिथंच. अट एवढीच की पोरीनं दिलेलं पान वाचून दाखवायचं आणि मनानं पाच ओळी लिहायच्या. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, घेतलं तर ठेव, नाही घेतलं तर मग पुन्हा तो विषय काढायचा नाही. तसा वाईट नाही तो. पण घरात एकटा पडला असता.

जवळची शाळा एवढी लांब की पोरांना पाठवायचं तर जनावरं कोणाच्या भरवशावर सोडायची? छावणीत आमच्यासारखी बरीच बिऱ्हाडं होती आणि सगळ्यांचीच पोरं दिवसभर शेणात खेळत होती. मी तात्यांना म्हटलं, उद्यापासून मी पोरांना घेऊन बसते, वाचायला-लिहायला इथल्या इथंच शिकवते. तात्या खूश झाले. लगेच म्हणाले, पण कोणत्या पद्धतीनं शिकवायचं? तीन कोटेशनं मागवू.

मी कपाळाला हात लावला. तात्या, हे पोरांचं शिक्षण आहे, माठ नाही, असं जरा जोरातच बोलून गेले. तात्या शांतपणे म्हणाले, "माठासाठी मी तीन दारं फिरतो. मग पोरांसाठी एकाच दारात काहून थांबू?"

मी पुठ्ठे शोधायला गेले.

पहिलं कोटेशन मालनकाकूंचं. आमच्या शेजारच्या दावणीला त्यांच्या गाई होत्या. जुन्या काळच्या सातवी पास, आवाज पहाडी. त्यांची पद्धत म्हणजे अंकलिपी, बाराखडी आणि हातात उसाचं कांडकं. पोरं ओळीनं बसवून क का कि की सुरू झालं की म्हशी कान टवकारायच्या. दुसरं कोटेशन तात्यांच्याच मुलाचं. सुधाकर भाऊजी बीडला असतात, त्यांनी कुठल्याशा दुकानातून आणलेला चकचकीत संच पाठवून दिला. गुळगुळीत पुस्तकं आणि एक बोलणारा पेन. पानावर पेन टेकवला की तो ती ओळ गोड आवाजात वाचून दाखवायचा, मध्येच गाणंही म्हणायचा. तिसरं कोटेशन माझं. मी खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यावर पोरांच्या ओळखीचे शब्द लिहिले, दावं, चारा, मका, टोपलं. शब्द बघायचा, तोडायचा, त्यातली अक्षरं घेऊन दुसरा शब्द जोडायचा. तात्यांना स्वतःला बाराखडीच प्यारी, पण त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. सभा चालवणाऱ्यानं कोटेशन भरायचं नसतं म्हणाले.

प्रत्येकाला चार-चार दिवस मिळाले आणि मग चारा उतरवायच्या जागेवर सर्वसाधारण सभा भरली. पोरंच सभासद. तात्यांनी धोतर सावरून विषय मांडला, पोरांनी हात वर केले. मालनकाकूंना त्यांच्या नातवाचं एक मत पडलं, तेही त्या समोरच बसल्या होत्या म्हणून. मला दोन पडली. बाकी सगळे हात पेनाला. सोनीनं दोन्ही हात वर केले होते, तात्यांनी तिचा एक खाली करायला लावला. सूचक एक पोरगा, अनुमोदक सोनी. ठराव मंजूर.

सभा पांगल्यावर मी तात्यांना गाठलं. कळवळून सांगितलं की सोनीला नेमकं हेच चालणार नाही, तिला ऐकून पाठ होतं, हा पेन तिला वाचूच देणार नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू म्हणतीस त्यात तथ्य असेल, पण सभासदांनी ठरवलं आहे, मी कोण मोडणार? मला इतका राग आला की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी नेऊन दिली, पण थाळी आदळून. ते मुकाट्यानं जेवले आणि थाळी घासून परत आणून ठेवली.

पेन महिनाभर चालला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तसंही झालं नाही, पोरं खरंच रोज बसायची. तात्या मध्येच येऊन बघायचे आणि आनंदानं मान हलवायचे. सोनी तर सगळ्यांच्या पुढं. सगळी पुस्तकं तिला यायला लागली. मी मात्र दुपारी म्हशींना चारा टाकताना तिला माझे पुठ्ठे दाखवायचे, तर ती तोंड फिरवायची. तुझ्याजवळ गाणं नाही, म्हणायची.

एप्रिलात जयंती आली. छावणीतच निळे झेंडे लावले, होतं त्या दुधात खीर केली. तात्यांनी ठरवलं की आज सगळ्यांसमोर पोरांनी वाचून दाखवायचं. सुधाकर भाऊजीही बीडहून आले होते. सोनी उठली, पुस्तक उघडलं आणि हत्तीचा धडा असा वाचला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालनकाकूंनीसुद्धा बोटं मोडून दृष्ट काढली. तिथंच थांबलं असतं, पण तात्यांची आणखी एक सवय होती. कुठलंही काम पुरं झालं की ते ऑडिट करत. ठराव आपलाच असला तरी ऑडिट व्हायचंच. चारावाटपाचा काळा फळा बाजूलाच होता. तात्यांनी खडू घेतला आणि हसत हसत त्यावर लिहिलं, 'आज खीर गोड झाली.' मग सोनीला म्हणाले, वाच बरं हे.

सोनीनं फळ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. आणि हलक्या आवाजात हत्तीच्या धड्याची पहिली ओळ म्हणून दाखवली. काही पोरं हसली. ती पुन्हा तीच ओळ म्हणाली, जरा मोठ्यानं, आणि रडायलाच लागली. मी तिला उचलून गोठ्याकडं नेलं. माझ्या मनात एवढंच होतं की गेली, ही पोरगी आता फडावर गेली. तात्यांवर ओरडायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्वतःच आले. जमिनीवर बसले. म्हणाले, समजावून सांग मला, असं काहून झालं? मी सांगितलं. जे रोज तेच असतं ते सोनी कानानं पकडते, म्हणून तिला रोज नवीन पाहिजे, आधी कोणी न ऐकलेलं, आणि ज्याची तिला गरज आहे असं. बाराखडी नको असं नाही, माझे पुठ्ठेच पाहिजेत असंही नाही. पण एक पुस्तक निवडून भागणार नाही. तात्या दाव्याचा पीळ उलगडत होते. मी म्हटलं, आता तुमचा ठराव आडवा येईल. त्यावर ते म्हणाले, "ठराव चुकला म्हणून मोडायचा नसतो सूनबाई. नवा करायचा असतो."

आणि केला. विशेष सभा बोलावली, पोरांसमोर उभे राहून म्हणाले की चूक सोनीची नाही, आपण निवड घाईनं केली, तिची भरपाई आपणच करायची. तिन्ही कोटेशनं थोडी थोडी मंजूर केली, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. सकाळी मालनकाकूंनी अर्धा तास बाराखडी घ्यायची, कांडकं बाजूला ठेवून. दुपारी मी शब्द तोडायला-जोडायला शिकवायचं. सुधाकर भाऊजींच्या पुस्तकांतली चित्रं कापून पोरांना द्यायची आणि त्यावर ज्यानं त्यानं मनचं लिहायचं. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बापापुढं काय बोलणार? पेन मात्र पेटीत गेला. आणि मधला तो चाऱ्याचा फळा तात्यांनी पोरांच्या ताब्यात दिला. ट्रक कधी येणार, पाणी कोणत्या वेळेला, कोणाची गाय व्याली, डॉक्टर कधी येणार, हे आता तात्या ओरडून सांगणार नव्हते. पोरांनी लिहायचं आणि ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवायचं. नियम दोनच. कालचं आज ठेवायचं नाही, आणि जे खरं आहे तेवढंच लिहायचं.

पहिले काही दिवस छावणीत नुसता गोंधळ. पाणी येऊन गेल्यावर लोकांना कळायचं की पाणी येणार होतं. म्हातारी माणसं तात्यांना शिव्या द्यायची, हे काय पोरखेळ मांडलेत म्हणून. तात्या हात जोडायचे आणि फळ्याकडं बोट दाखवायचे. हळूहळू पोरांना भाव आला. बायका डोक्यावर घागर घेऊन फळ्यासमोर थांबायच्या आणि एखाद्या पोराला हाक मारायच्या, काय लिहिलंय रे, सांग की. त्या पोराचा तोरा विचारू नका, तलाठी मागं पडेल.

सोनी मात्र फळ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. मी समजावलं, दटावलं, एक धपाटाही घातला. पालथ्या घड्यावर पाणी. तात्यांनी तिला काहीच म्हटलं नाही. फक्त एक काम दिलं. रोज सकाळी फळा पुसायचा. बाकी काही नाही, पुसायचं आणि जायचं. तेवढं तिनं कबूल केलं. ओलं फडकं घेऊन ती भराभर पुसून टाकायची. मग एक दिवस तिचा हात थांबला. तात्यांना म्हणाली, हे 'पाणी' आहे ना, आजही पाणी येणारच आहे, मग एवढं राहू देऊ का? तात्यांनी शांतपणे सांगितलं की नको, पूस, आणि आज तूच परत लिही. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती रोज काही ना काही वाचून पुसायला लागली. एखादं नाव, एखादा आकडा, एखादी वेळ. दुपारी माझ्याजवळ येऊन बसायला लागली. मालनकाकूंच्या बाराखडीतला कुठला आवाज फळ्यावर कुठं आहे ते शोधायचा तिला नादच लागला. शिकण्यात काही जादू झाली नाही, दिवस लागले. कधी चार पावलं पुढं, कधी दोन मागं. जोडाक्षरं आली की ती अजून चिडायची. पण आता ती माझ्या तोंडाकडं न बघता अक्षराकडं बघत होती, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

जूनमधली एक सकाळ. मी शेण काढत होते. सोनी धावत आली, हातात ओलं फडकं तसंच. "आई, सोमवारी छावणी बंद होणार हाय. म्हशी घरी न्यायच्या हायत."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"कुणी न्हाई. फळ्यावर हाय."

मी हातातलं टोपलं तिथंच सोडलं आणि पळत गेले. फळ्यावर तात्यांच्या ठसठशीत अक्षरात छावणी बंद होण्याची सूचना होती. हुकूम आदल्या संध्याकाळी आला होता आणि तात्यांनी जीव गेला तरी तोंडानं कोणाला सांगायचं नाही असं ठरवून तो फळ्यावर लिहून ठेवला होता, सगळ्यांच्या आधी फळ्याशी येणाऱ्या पोरीसाठी. अख्ख्या छावणीला ती बातमी माझ्या सोनीनं दिली. या दावणीवरून त्या दावणीवर पळत, घरोघर आवतन दिल्यासारखी. मालनकाकूंनी खोटं बोलतेस म्हटल्यावर त्यांचा हात धरून त्यांना फळ्यापर्यंत ओढत आणलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. मी पदरात तोंड खुपसून रडले. लाज कसली त्यात?

अंबाजोगाईला तात्या आमच्याबरोबर आले. गरज नव्हती, पण ऐकतील तर तात्या कसले. सोनीला नवा फ्रॉक, स्वतःला कडक इस्त्रीची टोपी. शाळेच्या बाईंनी तात्यांना बसायला खुर्ची दिली आणि सहज विचारलं की गेलं अर्धं वर्ष मुलगी शाळेत नव्हती, मग घरी कोणता अभ्यासक्रम घेतला? झालं. तात्यांनी पहिल्या कोटेशनापासून सुरुवात केली. ते पेनापर्यंत पोहोचले तेव्हा बाई हसून म्हणाल्या, आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा, आपण मुलीलाच विचारू. तात्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. मला आत थांबू दिलं.

बाईंनी एक पान पुढं केलं. विहिरीवरचा धडा होता, तिनं कधी न ऐकलेला. सोनी बोट ठेवून वाचायला लागली. सावकाश, अडखळत. एका जोडाक्षरापाशी अडली. तिनं ते अक्षर तोडलं, ओठातल्या ओठात जोडलं आणि पुढं गेली. पान संपलं. बाई कोरा कागद देऊन म्हणाल्या, आता तुझ्या मनानं पाच ओळी लिही.

सोनीनं बराच वेळ घेतला. मग लिहिलं. आमच्या म्हशीचं नाव चंद्री आहे. ती छावणीत होती. छावणी बंद झाली. आम्ही चालत घरी गेलो. आणि पेन्सिल खाली ठेवली.

बाईंनी ओळी मोजल्या. या चारच झाल्या, आणखी एक लिही म्हणाल्या. सोनी तशीच बसून राहिली. मी खुणेनं सांगत होते, काहीही लिही गं, आकाश निळं आहे असं लिही. ती म्हणाली, "पुढचं अजून झालंच न्हाई. मग काय लिहू?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "लिही, आता मी या शाळेत राहणार आहे."

सोनीनं पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. खाली मान घालून विचारलं, "खरं हाय का ते? खोटं लिहायचं नसतं."

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

मग तिनं लिहिलं. मोठ्या, वाकड्या अक्षरात, कागदाच्या पार कडेपर्यंत.

मी बाहेर आले. तात्या पायरीवर तसेच बसले होते, कान दाराकडं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि म्हातारा माणूस उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडत होता. मी शेजारी बसले. त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

"माझा बाप अंगठा देत होता," तात्या म्हणाले. "मी जन्मभर सही केली, ती दुसऱ्यांनी ठरवल्याल्या गोष्टींखाली. सोनीनं आज तिच्या मनचं लिवलं."